हजेरीपटाचं मागचं पान

वेणीमाधव शुक्ल सर त्या दिवशी पार मेटाकुटीला आले होते. गंगापूर रोडवरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते मेकॅनिकल शिकवायचे, आणि वर परदेशी विद्यार्थ्यांचं सगळं लचांड त्यांच्याच गळ्यात. कुणाचा व्हिसा अडला, कुणाला खोली मिळेना, कुणाला मेसचं तिखट सोसेना. सात वर्षं झाली. मदतीला कुणी नाही. समारंभात टाळ्या वाजवायला मात्र सगळे पुढं!

आज चिसोमोचं प्रकरण होतं. मलावीहून आलेली ही पोर दुसऱ्या वर्षाला होती. तिची हजेरी भरली एकाहत्तर टक्के, आणि पंच्याहत्तर नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. परीक्षा गेली की शिष्यवृत्ती बंद, मग व्हिसा बंद, म्हणजे पोरगी थेट घरी. यादी पाच वाजता विद्यापीठाला जायची होती आणि तीन वाजून गेले होते.

"अरे, ही पोरगी एक तास बुडवत नाही," सर ऑफिसातल्या संतोषवर डाफरले. "माझ्या तासाला तर पहिल्या बाकावर असते. कुणीतरी हजेरी मांडायचा कंटाळा करतोय. नाव सांग, सोडत नाही त्याला."

आणि खरंच सोडलं नसतं. गेल्या वर्षी एका सुदानी मुलाच्या हजेरीचा असाच घोळ झाला, तेव्हा सरांनीच प्राचार्यांशी भांडून नियम करून घेतला होता. चूक ज्याची, त्यानं ती लेखी कबूल करायची आणि तो कागद त्याच्या सेवापुस्तकात लागायचा. तेव्हापासून निम्मा स्टाफ सरांशी धड बोलत नव्हता.

संतोष स्क्रीनकडं बघत राहिला. "सर, पाच विषयांत ती पंच्याऐंशीच्या वर आहे. एकातच शून्य आहे."

"कुणाचा विषय?"

"तुमचा, सर."

"काहीतरीच काय!" म्हणत सरांनी बॅगेतून हजेरीपट काढला. बहात्तर नावं छापलेली. यंदा व्हिसाच्या भानगडीत चिसोमोची नोंदणी उशिरा झाली, म्हणून त्र्याहत्तरावं नाव मागच्या पानावर हातानं लिहिलेलं होतं. अक्षर सरांचंच. नावापुढं सगळे रकाने कोरे. रोज बहात्तरपर्यंत नंबर पुकारायचे आणि हजेरीपट मिटायचा, एवढंच त्यांनी सत्रभर केलं होतं.

सरांचे वडील त्र्यंबकेश्वरला उपाध्ये होते. कुठून कुठून आलेल्या यात्रेकरूंची नावं वहीत लिहायचे, पण एक नाव कधी गाळलं नाही म्हाताऱ्यानं. सरांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"सर," संतोष हळूच म्हणाला, "सिस्टिमचा घोळ म्हणून टाकू का? फार तर मला बोलतील."

क्षणभर सरांना ते पटलंही. इतका थकवा आला होता की कुणी काहीही लिहून दिलं असतं तर त्यांनी डोळे मिटून सही केली असती. पण चिसोमो बाहेरच्या बाकावर बसली होती. त्यांनी तिला आत बोलावलं.

"बाळ, तुझा नंबर मी एकदाही पुकारला नाही. बोलली का नाहीस?"

मेसमधल्या पुतळाबाईंकडून शिकलेल्या मराठीत ती म्हणाली, "पयल्या दिवशी मी हात वर केला, सर. तुम्ही माझ्याकडं बघून हसला. मला वाटलं, लागली हजेरी."

"आणि नंतर?"

"नंतर कळलं. पण तुम्ही लय दमलेले असता. माझ्यासाठीच पळता ना? म्हणून नाय बोलले."

सरांनी तिची प्रॅक्टिकलची वही मागितली. तीत दर आठवड्याला त्यांचीच सही होती, तारखेसकट. पुरावा म्हणून ती पुरेशी होती.

कोऱ्या कागदावर त्यांनी लिहिलं: चूक माझी आहे.

"सेवापुस्तकात लावायचा, सर?" संतोषनं विचारलं.

"लाव. नियम मीच केलाय."

मग हजेरीपटाचं मागचं पान उघडून ते वहीतली एकेक तारीख वाचू लागले. प्रत्येक तारखेला चिसोमो उभी राहून "हजर" म्हणायची. नवव्या तारखेला सरांचा आवाज फुटेना. तिनं वाकून वहीतली तारीख पाहिली, स्वतःच वाचली, आणि म्हणाली, "हजर, सर."