मनगटावरचं कार्ड

डेनी ह्राबोव्स्कीला शनिवारी खेळवायचं की बसवायचं, यावरून आमच्या स्लोव्हाक क्लबात तीन आठवडे भांडणं चालली होती. पोलादाची भट्टी बंद पडून दहा वर्षं झाली होती, गावातल्या दोन चर्चचं मिळून एकच चर्च झालं होतं, आम्हाला भांडायला दुसरं काही उरलंच नव्हतं. फुटबॉलचा, म्हणजे हातानं खेळायच्या अमेरिकन फुटबॉलचा, संघ तेवढा होता. त्यात कुणी पगारी नव्हतं, दिवसभर कुठे कुठे राबून संध्याकाळी सरावाला येणारी माणसं ती. बस, चेंडू, शिरस्त्राणं, सगळं आम्ही समर्थक बघायचो. म्हणून सामन्यात सुरुवातीपासून कुणी खेळायचं हे कोच पेट्रोन आम्हाला विचारून ठरवायचा. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण पद्धत पडून गेली होती.

डेनी आमचा क्वार्टरबॅक. चेंडू आधी त्याच्या हातात येतो. मग तो फेकायचा, कुणा साथीदाराच्या पोटाशी द्यायचा, की घेऊन पळायचं, हे तीन सेकंदांत ठरवायचं, आणि तेवढ्यात समोरची चार-पाच धिप्पाड माणसं आपल्याला जमिनीत गाडायला धावत येत असतात. चौदा वर्षं त्यानं हे केलं. आता सदतिसावं लागलं होतं आणि त्या हंगामात त्याचं काहीच धड होत नव्हतं. त्याच्यामागे राखीव होता कोल्बी यार्नेल, एकवीस वर्षांचा, पहिलंच वर्ष. हात असा की चेंडू शिट्टी वाजवत जायचा. पण अंगावर कुणी आलं की डोळे मिटायचा.

मी लेन. संघात माझं काम एकच, कार्डाचं. क्वार्टरबॅकच्या डाव्या मनगटावर एक पट्टी असते, तिच्यावर पारदर्शक झाकण, आणि झाकणाखाली त्या दिवशीच्या बावीस चालींचं कार्ड. दर आठवड्याला ते कार्ड मी लिहायचो, न पुसणाऱ्या शाईनं, बारीक आणि सुबक. सरावाच्या वेळी कोल्बीसाठीही एक लिहून नेलं होतं. त्यानं नम्रपणे परत केलं. म्हणाला, सगळ्या चाली पाठ आहेत. मला ते झोंबलं, हे आधीच सांगून टाकतो.

त्या आठवड्यात, मंगळवारी सराव संपल्यावर, मी डेनीची पट्टी नवीन कार्ड घालायला घेतली. जुनं ओढून काढलं तर त्याच्यामागून आणखी एक निघालं. अक्षर डेनीचं, साध्या निळ्या शाईतलं. मला वाटलं त्यानं स्वतःच्या काही चाली टिपल्या असतील, म्हणून वाचलं.

'मोठी क्लेअर. धाकटी जोनी, दात पडलेली. गाडी निळी, मागच्या काचेला तडा. पूल ओलांडून डावीकडे चौथं घर. लेन म्हणजे जाडा, मिशीवाला. मित्र.'

मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा 'जाडा' वाचून हसू आलं, आणि दुसऱ्यांदा लक्षात आलं, क्लेअर आणि जोनी या त्याच्या स्वतःच्या मुली. वर बघितलं तर डेनी दारात उभा होता, एका पायात बूट, दुसरा हातात.

"मार्लीनला ठाऊक आहे?" मी विचारलं. मार्लीन म्हणजे त्याची बायको.

"तिला वाटतं मी पितो. वाटू दे." तो माझ्या शेजारी येऊन बसला. "सकाळी उठलो की सगळं धुरकट असतं लेन. पण चेंडू हातात आला ना, की सगळं जागच्या जागी येतं. तेवढा वेळच मी मी असतो. हा एक शनिवार दे मला. मग मीच थांबतो, आईशपथ."

मी कार्ड होतं तसं मागे सरकवलं, त्याच्यावर माझं घातलं आणि पट्टी त्याच्या हातात दिली. डॉक्टरकडे चल म्हणायला हवं होतं. घरी जाऊन मार्लीनला सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "जाडा काय रे मेल्या?" आणि दोघंही हसलो.

गुरुवारी संध्याकाळी क्लबात बारा जण जमले होते. मोठ्या पातेल्यात कोबी-नूडल्स होते, पण कुणाचं खाण्यात लक्ष नव्हतं. बड फेरेन्स कोल्बीच्या बाजूचा. अडुसष्ट वर्षांचा, भट्टीत क्रेन चालवलेला, त्यामुळे आजही सगळ्यांशी उंचावरून बोलायचा. त्यानं डेनीच्या चुका बोटांवर मोजायला सुरुवात केली. मागच्या सामन्यात चार वेळा चेंडू थेट समोरच्यांच्या हातात. दोनदा चाल एक सांगितली आणि खेळला भलतीच. आणि मध्यंतरानंतर तर पठ्ठ्या चालत चालत समोरच्या संघाच्या बाकावर जाऊन बसला. यावर सगळे हसले. ती डेनीची मस्करी होती असंच सगळ्यांनी धरलं होतं, मैदानावरसुद्धा टाळ्या पडल्या होत्या. मीही टाळी वाजवली होती त्यात.

डेनीच्या बाजूच्यांनी कोल्बीची खिल्ली उडवली. एकानं विचारलं, पोराला मैदानावर सोडताना आईची चिठ्ठी घ्यायची का. दुसरा म्हणाला, नदीपलीकडच्यांशी वर्षातला शेवटचा सामना, तिथे डोळे मिटणारा काय कामाचा. बड म्हणाला की मिटलेल्या डोळ्यांनीसुद्धा पोरगा आपल्याच माणसाकडे फेकतो, तुमच्या डेनीला तेही जमत नाही. मग आवाज चढले आणि नूडल्स गार झाले.

शेवटी कुणीतरी म्हणालं, लेनला विचारा, तो रोज त्याच्यासोबत असतो.

मी उठलो. आठ वर्षांपूर्वी डेनीनं बोट मोडलेलं असताना जिंकून दिलेला सामना मी त्यांना पुन्हा सांगितला. भट्टी बंद झाली त्या वर्षीचाही सांगितला, ज्या दिवशी सगळं गाव पावसात उभं राहून रडलं होतं. मला बोलता येतं. मग बडच्या एकेका बोटाला मी उत्तर दिलं. दोन रात्री झोप नव्हती त्याला. चाल त्यानं मुद्दाम बदलली, समोरच्यांना चकवायला. बाकाची तर मस्करीच होती, मला आधी सांगून गेला होता. शेवटचं बोलताना माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

बडनं विचारलं, "लेन, तू त्याच्यासाठी बोलतोयस की स्वतःसाठी?"

"संघासाठी," मी म्हणालो.

हात वर झाले. डेनीला आठ, कोल्बीला चार. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. मला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

शनिवारी दुपारी एक वाजता सामना सुरू झाला तेव्हा आभाळातून धड पाऊस नाही धड बर्फ नाही असं काहीतरी पडत होतं. जमीन वरून चिखल, खाली दगड. सगळं गाव कुंपणाला चिकटलं होतं. आणि डेनी खेळला. देवाशपथ सांगतो, दहा वर्षांत तो तसा खेळला नव्हता. चेंडू हातात आला की मान उंच, पाय हलके, नजर स्वच्छ. बडसुद्धा टोपी फिरवत ओरडत होता. माझ्या मनात आलं, बरोबर केलं मी. माणसाला त्याचं काम द्यावं, तो उभा राहतो.

मध्यंतरानंतर थोड्याच वेळात नदीपलीकडच्यांचे दोघे एकदम डेनीवर पडले. डोकं आधी जमिनीला लागलं. तो आवाज मला कडेला उभं राहून ऐकू आला.

डेनी उठला. गुडघ्यावर, मग पायांवर. त्यानं मनगट डोळ्यांजवळ नेलं आणि बराच वेळ बघत राहिला. कोच पेट्रोन माझ्याकडे वळला. कोल्बी त्याच्या मागे शिरस्त्राण चढवून तयार होता.

"लेन, ठीक आहे ना तो? तू ओळखतोस त्याला."

एक शब्द पुरला असता. कुंपणापाशी लोक डेनीचं नाव घेऊन पाय आपटत होते, आणि त्यांच्यातल्याच काहींसमोर मी दोन दिवसांपूर्वी त्याची हमी दिली होती.

"चाल बघतोय तो," मी म्हणालो. "ठीक आहे."

शेवटच्या मिनिटाला डेनीनं चाळीस यार्डांवरून चेंडू फेकला, आमच्या माणसानं तो त्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे झेलला आणि आम्ही जिंकलो.

लोक कुंपणावरून उड्या मारून आत आले. आमच्याकडे एक रिवाज होता, डेनीनंच पाडलेला. जिंकलो की तो आपलं शिरस्त्राण आळीपाळीनं दोघींपैकी एका मुलीच्या डोक्यावर ठेवायचा, तिचं नाव मोठ्यानं पुकारायचा, आणि सगळं गाव ते नाव तीनदा घ्यायचं. त्या दिवशी पाळी जोनीची होती. सात वर्षांची पोर, लाल कोटात, चिखल तुडवत धावत आली आणि त्याच्यासमोर ताठ उभी राहिली. गर्दी नेहमीसारखी गप्प झाली.

डेनीनं शिरस्त्राण काढलं, तिच्या डोक्यावर धरलं आणि थांबला. मनगटाकडे बघितलं. मग शिरस्त्राण काखेत धरून त्यानं पट्टीचं झाकण उचकटलं, माझं कार्ड बाहेर ओढलं आणि मागचं काढून डोळ्यांसमोर धरलं. ते ओलंचिंब होतं. त्यानं ते उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. लोकांना वाटलं, मस्करी. दोघं-तिघं हसलेसुद्धा.

"बाबा, म्हण ना," जोनी म्हणाली. पडलेल्या दाताच्या फटीतून ती हसत होती.

तो तिच्याकडे बघून हसला. एखाद्या शेजाऱ्याच्या मुलीकडे बघून हसावं तसं, चांगलं, प्रेमळ हसला.

मला राहवलं नाही. मी गर्दीतून ओरडलो, "जोनी!"

गर्दीनं नाव उचललं. जोनी, जोनी, जोनी. डेनीही त्यांच्यात मिसळून ओरडला, सगळ्यांत मोठ्यानं. शिरस्त्राण पोरीच्या डोक्यावर बसलं. पण ती हसत नव्हती. बाबाकडे नाही, ती माझ्याकडे बघत होती.

मार्लीन कधी शेजारी आली मला कळलं नाही. मोठ्या क्लेअरचा हात तिच्या हातात होता. तिनं आवाज चढवला नाही.

"नाव त्याला सांगावं लागेल, हे तुला कसं कळलं, लेन?"

डेनीच्या हातातून पडलेली दोन्ही कार्डं चिखलात माझ्या पायाशी होती. मी ती उचलली, पँटला पुसली आणि तिला दिली. एकावर नुसता निळा डाग होता. दुसऱ्यावर माझ्या बावीसच्या बावीस चाली स्वच्छ वाचता येत होत्या.