जाड नाकाचं मारुत

आधीच सांगतो, प्लास्टिकची विमानं जोडायच्या किटांत मी तामियाचा माणूस. ह्यावर वाद नको. चाळीस वर्षं चिकलठाण्याच्या टूलरूममध्ये डाय, म्हणजे प्लास्टिक ओतायचे पोलादी साचे, कोरल्या मी. प्लास्टिकची डाय चांगली कशाला म्हणायची ते मला कुणी शिकवू नये. तामियाच्या किटात पंख धडाला टेकवला की फटीत नखसुद्धा शिरत नाही. ज्या जपान्यानं ती डाय कोरली त्याचे पाय धुऊन पाणी प्यावं. हासेगावा दोन नंबर. पत्र्याच्या जोडांच्या रेघा काय बारीक काढतो, व्वा! एडुआर्ड तीन. त्याच्यापुढं मी मोजतच नाही. आमची आशाबाई म्हणते, "पोरीला स्थळं बघताना एवढ्या चौकशा केल्या नव्हत्या तुम्ही." म्हणू दे.

कडुबा एअरफिक्सचा. एवढ्या मोठ्या शहरात प्लास्टिकची विमानं जोडणारे आम्ही दोघंच, निदान आम्हाला तिसरा कधी सापडला नाही, आन् आमचंही एकमेकांशी जमेना. आमची ओळख झाली हार्डवेअरच्या दुकानात. मी मॅट करडा रंग मागत होतो, तोही पावशेर नाही, चमचाभर. दुकानदार माझ्याकडं येड्यासारखा बघत होता. तेवढ्यात मागून आवाज आला, "मलाबी तेवढाच पायजे." मागं कडुबा उभा. हवाई दलातून सार्जंट होऊन निवृत्त झालेला एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाचा पत्रा-सांगाडा सांभाळणारा माणूस. गाव बिडकीन, घर मुकुंदवाडी स्टेशनच्या मागं.

तेव्हापासून दर रविवारी तो सिडकोत माझ्या गच्चीवरच्या खोलीत यायचा. एअरफिक्स का, तर जोधपूरला एका साहेबानं बदली होताना अर्धवट टाकलेलं एअरफिक्सचं नॅट विमान त्यानं उचलून पुरं केलं होतं. मी म्हणायचो, "अरे, जोड तरी बघ कुठं येतोय." तो हसायचा. "नाना, तू डबा बघतो. मी विमान बघतो. रंधा मारून, लांबी भरून सरळ करायचं की. खऱ्या विमानाचे पत्रे तरी कुठं सरळ बसायचे?" माझं डोकं फिरायचं. वीस वर्षं हेच भांडण, आन् दोघांनाही त्याशिवाय रविवार गोड लागत नव्हता.

कडुबाला एकच विमान पाहिजे होतं: मारुत. आपल्या देशात घडवलेलं पहिलं लढाऊ जेट. जोधपूरच्या उन्हात अकरा वर्षं त्यानं त्या विमानाची सेवा केली. पत्रा असा तापायचा की हाताला फोड यायचे, तरी त्याच्याबद्दल बोलताना हा माणूस पोरीबद्दल बोलल्यासारखा बोलायचा. कॅमेरा आत नेऊ देत नव्हते, म्हणून एक फोटो नाही. विमानं केव्हाच मोडीत गेली. मोठ्या कंपन्यांपैकी कुणी मारुतचं किट काढल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

तीन वर्षांपूर्वी कडुबाला चालताना दाराची चौकट लागायला लागली. काचबिंदू निघाला, आन् लई उशिरा निघाला. डॉक्टरनं स्वच्छ सांगितलं, गेली ती नजर गेली. राहिलेली औषधानं थोडी लांबेल, थांबणार नाही. दीड वर्ष, फार तर दोन. त्या रविवारी तो आला, खुर्चीत बसला आन् म्हणाला, "नाना, डोळे जायच्या आत एकदा मारुत बघायचंय बग."

मी म्हटलं, "बघशील."

"बंगळुरूला म्युझियमात एक उभं हाय म्हणतेत. चल ना. रेल्वेनं जाऊ. एकदा बघून, हात लावून येऊ."

आता ऐका मी काय म्हटलं ते. मी म्हटलं, "एवढ्या लांब कशाला तडफडतो? मी तुला मारुत घरी आणून देतो. स्वतः डाय कोरून. पेटीवर नाव असेल, 'देवगिरी मॉडेल्स, छत्रपती संभाजीनगर'. लोक तामियाच्या शेजारी ठेवतील!"

त्याला एकच विमान बघायचं होतं. सागवानाच्या तुकड्यात मी ते महिन्याभरात कोरून दिलं असतं. पण मला कंपनी व्हायचं होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या बादल्यांच्या आन् स्विचांच्या डाय कोरल्या, आता माझ्या नावाचा डबा पाहिजे होता. कडुबा म्हणाला, "बरं. तू म्हणतो तर." बंगळुरूचं नाव त्यानं परत काढलं नाही.

एका छोट्या परदेशी कंपनीनं कधीकाळी मारुतचं किट काढलं होतं. नाव घेत नाही. चूक माझी, त्यांच्या नावानं खडे कशाला फोडू? लई शोधून ते मागवलं. डबा काय देखणा! आतली माहितीपुस्तिका चार भाषांत. मी व्हर्नियर घेऊन बसलो आन् त्या किटाचं एकेक माप उतरवून घेतलं. त्यावरून लाकडाचा नमुना केला, रंगवला आन् कडुबाच्या हातात दिला. तेव्हा त्याला समोरचं बरं दिसायचं, नळीतून बघितल्यासारखं.

त्यानं नमुना उजेडात धरला. लई वेळ बघितलं. मग म्हणाला, "नाना, नाक चुकलंय."

"काय चुकलंय?"

"जाड झालंय. मारुतचं नाक निमुळतं. तोफांच्या झाकणापाशी मी उभा राहायचो ना, तर माझ्या खांद्यावरून त्याची रेघ अश्शी खाली जायची. हे तर भोपळ्यावानी दिसतंय."

मी डबा त्याच्यापुढं आपटला. "हे बघ! कंपनीनं ड्रॉइंग बघून केलंय. पन्नास वर्षांपूर्वीचं तुझ्या ध्यानातलं खरं का मापाचं खरं? पाने-पक्कड घेऊन नट पिळणाऱ्यानं मला माप शिकवायचं का आता?"

तोंडातून गेलं. कडुबानं नमुना टेबलावर ठेवला. "बरं," म्हणाला. चहा प्याला, कप खाली नेऊन आशाबाईच्या हातात दिला आन् गेला. पुढच्या रविवारी नेहमीसारखा आला. नाकाचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही.

हातच्या काकणाला आरसा कशाला? ज्यानं अकरा वर्षं त्या नाकाला हात लावला, त्याला मी डब्यावरचं चित्र दाखवत होतो. मला सांगायला लाज वाटते, पण सांगतो. तेच वाक्य मोठ्या आडनावाच्या एखाद्या विंग कमांडरनं म्हटलं असतं, तर मी उभ्याउभ्या नमुना मोडला असता. कन्नडच्या पाटलाच्या घरातला मी. बिडकीनच्या बौद्धवाड्यातला फिटर मला काय सांगणार, हे माझ्या पोटात होतं. वीस वर्षं एका ताटात जेवलो आम्ही. तरी होतं.

स्टील कापायला घेतलं. डायचं काम घाईचं नसतं आन् मी तर रेघ न् रेघ हासेगावासारखी काढायच्या नादात होतो. इकडं कडुबाचं एकेक सुटत गेलं. आधी स्कूटर सुटली. मग गोंद लावणं सुटलं, कारण गोंद विमानाऐवजी बोटांना लागायचा. मग रिक्षानं यायला लागला, त्याची बायको केसरबाई हाताला धरून जिना चढवायची. तो विचारायचा, "कुठवर आलं, नाना?" मी म्हणायचो, "पंख झाले." मग म्हणायचो, "शेपटी झाली." एकदा केसरबाई जिन्यात थांबून हळूच म्हणाली, "भाऊ, लाकडाचं तरी त्यांना जवळ ठेवायला द्या की." मी म्हटलं, "वहिनी, अर्धवट काम मी दाखवत नसतो." काय माणूस आहे मी! पालथा घडा नुसता.

यंदा संक्रांतीला कडुबाची नजर गेली. उजेड-अंधार कळतो म्हणे, बाकी नाही. डाय तयार झाली मार्चात.

बन्सी माझ्या हाताखाली शिकलेला, आता त्याचं स्वतःचं मोल्डिंगचं शेड आहे. त्याच्या मशीनवर डाय चढवली, करडा प्लास्टिकचा दाणा टाकला आन् पहिला शॉट निघाला. गरमागरम फ्रेम, तिच्यात पंख, धड, चाकं, सगळं. एक खोट नाही. बन्सी म्हणाला, "नाना, क्या बात है, जपानी झक मारेल!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. तिथंच उभा राहून फोटो काढला आन् देशभरच्या मॉडेलवाल्यांच्या ग्रुपवर टाकला.

दोन दिवसांनी बंगळुरूच्या प्रणय नावाच्या मुलाचा मेसेज आला. तो मुद्दाम म्युझियममध्ये जाऊन आला होता. बाजूनं काढलेला फोटो, नाकापाशी स्वतः उभा. खाली लिहिलं होतं, "काका, काम अप्रतिम आहे, पण नाक जाड वाटतंय का?"

मी फोटो मापाला छापून घेतला, त्यावर माझ्या विमानाचं धड ठेवलं. नाक निमुळतं, खांद्यापासून खाली गेलेली रेघ. कडुबानं हातानं दाखवली होती, अगदी तशीच. माझं नाक भोपळ्यासारखं बाहेर.

बन्सीला दाखवलं. त्यानं डायच्या खड्ड्यात बोट फिरवून बघितलं. धंद्यातलं कुणालाही कळेल. नाक बारीक असतं तर स्टील आणखी खोदून जाड केलं असतं. जाड झालेलं बारीक करायचं तर खड्डा भरावा लागतो, आन् कोरलेलं स्टील परत येत नाही. वेल्डिंग मारून भरलं तर माझ्या सगळ्या रेघा जळतील. नवीन डाय म्हणजे आणखी दीड वर्ष. आन् दीड वर्षानं ती दाखवायची कुणाला? बैल गेला आन् झोपा केला, म्हणतात ना, तसं.

बन्सी म्हणाला, "तसंच द्या नेऊन. त्यांना कुठं दिसतंय?"

त्याला मी आईवरून शिवी दिली. मग घरी येऊन तेच केलं.

म्हणजे मी ठरवून गेलो होतो की खरं सांगायचं. विमान जोडलं, रंगवलं, कापसात गुंडाळून रविवारी दुपारी मुकुंदवाडीला गेलो. केसरबाई आत शेंगा फोडत बसली होती. त्यांची लेक करुणा, कन्नडला शिक्षिका आहे, ती एसटीनं आलेली. कडुबा पलंगावर, भिंतीला टेकून. मी आलोय हे पावलांवरूनच कळलं त्याला. "आणलं?" म्हणाला.

मी तोंड उघडायच्या आत त्यानं दोन्ही हात पुढं केले. मी विमान त्याच्या ओंजळीत ठेवलं. वीतभर विमान.

फिटरची तपासणी नाकापासून सुरू होते, हे त्यानंच मला हजारदा सांगितलेलं. तो शेपटीपासून निघाला. बोटं शेपटीवरून, पंखांच्या कडेनं, खाली चाकांच्या खोबणीत. "हितं हात घालताना लई पत्रा लागायचा," म्हणाला. हसला. मग धडावरून पुढं पुढं येत बोटं काचेच्या घुमटापाशी आली आन् थांबली. त्यानं अंगठा हळूच नाकावर नेला. एकदा. परत एकदा.

"करुणा," तो म्हणाला, "हितं ये बग. ह्या विमानावर मी अकरा वर्षं काम केलंय. असं होतं ते. हुबेहूब."

करुणानं विमान दोन्ही हातांत घेतलं. तिचे डोळे भरले. लहानपणापासून ऐकलेलं विमान ती पहिल्यांदा बघत होती. तिनं मोबाईलवर चारी बाजूंनी फोटो काढले आन् नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले, वर लिहिलं, 'बाबांचं विमान'. ती आईला दाखवायला आत गेली तसा मी कडुबाच्या कानाशी वाकलो.

"कडुबा, नाक चुकलंय. तू म्हणत होता तसंच. जाड झालंय."

"व्हय," तो म्हणाला. "हाताला लागलं की."

"मग तिला हुबेहूब म्हणून कशाला सांगितलं? ती आता हेच खरं धरणार. उद्या तिची पोरं हेच धरणार. मी सांगतो तिला."

त्यानं माझं मनगट शोधून धरलं. फिटरची पकड, अजून तशीच.

"नको सांगू. तिला आयुष्यात एक तरी दिसलं. मला आता डोळ्यापुढं आणायला गेलं की नीट येत नाय, नाना. तुझ्या ह्या नाकानं माझ्या ध्यानातलं नाकबी पुसलं बग आत्ता. आता मलाबी हेच दिसतंय."

आतून करुणा ओरडून सांगत होती की मामानं विचारलंय, कोणत्या कंपनीचं किट आहे. कडुबानं माझं मनगट सोडलं आन् मोठ्यानं उत्तर दिलं, "देवगिरी म्हणून सांग. आपल्या नानाची कंपनी हाय."