हो म्हणायची भाषा

“बाई, या पुस्तकातली नर्स कधी ‘का’ असं विचारतच नाही का हो?”

मागच्या बाकावरून प्रश्न आला तसा वर्ग खुदकन हसला. विचारणारी वयाने सगळ्यांत मोठी, दोन लेकरांची आई. सगळ्या तिला ताईच म्हणत. परदेशातल्या वृद्धाश्रमात नोकरी मिळावी म्हणून या नर्सेस तिथली भाषा शिकत होत्या. बाईंनी पुस्तक चाळलं. इतकी वर्षं शिकवूनही त्यांच्या हे ध्यानात आलं नव्हतं. पानोपानी नर्स एवढंच म्हणत होती: हो सर, लगेच करते, माफ करा.

बाईंनी पुस्तक मिटलं. “आज पाठांतर बंद. मी मोठी डॉक्टर आहे. सांगतेय, या आजींना झोपेचं औषध दुप्पट द्या. काय म्हणाल?”

“लगेच देते, सर!” वर्ग एका सुरात ओरडला.

“आणि आजी उठल्याच नाहीत तर?”

मग ताईच अडखळत त्या परक्या भाषेत म्हणाली, “दुप्पट का? आधी किती दिलंय?”

त्या दिवसापासून वर्गात रोज वादावादी होऊ लागली. चुकतमाकत, हातवारे करत, पण बायका स्वतःचं बोलू लागल्या. आवाज क्लासच्या मालकांपर्यंत गेला.

“बाई, तिकडे हात हवेत, तोंडं नकोत,” ते म्हणाले.

“तोंड बंद ठेवणारी नर्स माणूस मारेल, साहेब.”

मुलाखती झाल्या. तिकडून आलेल्या गृहस्थाने प्रत्येकीला विचारलं, “सुट्टीच्या दिवशी काम कराल?” सगळ्या म्हणाल्या, “आनंदाने.” ताई म्हणाली, “करीन. पण किती तास? आणि बदली सुट्टी मिळेल?” त्याने मालकांकडे पाहिलं आणि पुढचीला बोलावलं.

सगळ्यांची निवड झाली. ताई तेवढी राहिली.

बाई तरातरा मालकांच्या केबिनमध्ये शिरल्या. “तिची एक चूक दाखवा मला!”

“चूक कुठाय? तीच सगळ्यांत चांगलं बोलते. तेच तर नडलं. आणि बाई, उद्यापासून तुम्हीही येऊ नका.”

“उद्या कशाला? ही निघाले.”

ताई जिन्यापाशी उभी होती.

“माझ्यामुळे गेली गं तुझी नोकरी,” बाई संतापाने म्हणाल्या.

“गेली खरी. घरी काय सांगू, सुचत नाहीये,” ताई म्हणाली. “पण साधा प्रश्न होता हो, बाई. उत्तर द्यायला काय झालं होतं त्याला?”

इतक्यात ताईच्या शेजारी बसणारी मुलगी जिना उतरून आली. तिची निवड झाली होती. ती मान वर करेना.

“ताई, मलाही विचारायचं होतं. ओठांवर आलं होतं अगदी.”

ताईने तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग तिची दुमडलेली कॉलर सरळ केली.

“तिकडे गेलीस की विचार,” ती म्हणाली आणि रस्ता ओलांडून बस थांब्याकडे चालू लागली.