लिंबाजीचा डावा ब्रेक

मानवतच्या स्टँडासमोर सायकलचं दुकान चालवणारा लिंबाजी मोटारसायकलही शिकवायचा. तिचं इंजिन त्यानं जन्मात कधी खोललं नव्हतं, पण ऐट अशी की गाडी यानंच घडवली! त्याचे शिष्य सगळे सायकलवाले. म्हणून क्लचला तो सरळ 'डावा ब्रेक' म्हणायचा, आणि स्वतःही तेच खरं मानायचा. "गेर टाकताना डावा ब्रेक दाबा. थांबायचं तरी डावाच. पायाचा ब्रेक लयच अडचण आली तर. त्याचे लायनर झिजले की हितं मिळत न्हाईत." सपाट मैदानात रेस सोडून डावं लिव्हर आवळलं की गाडी हळूहळू थांबायचीही. असे सात जण तयार झाले. त्यांत त्याचा जावई बन्सीधरही होता.

चौऱ्याहत्तरच्या दसऱ्याआधी एका दुपारी त्या सातांतलाच भुजंग तलाठी दुकानात आला. हात गळ्यात बांधलेला, कपाळ फुटलेलं.

"लिंबाजीराव, ओढ्याच्या उतारावर डावा ब्रेक दाबला, तर गाडी जास्तच पळायली! कडब्याच्या ढिगात घुसली म्हणून वाचलो."

"तुमी दुसरंच काही दाबलं असंल," लिंबाजी उखडला. दारात एका गिऱ्हाईकाची मोटारसायकल गेरमध्ये उभी होती. त्यानं ती ढकलली, हलेना. डावं लिव्हर दाबून ढकलली, तर ती सुळकन पुढं गेली. त्यानं तीनदा करून पाहिलं. डावा ब्रेक गाडी थांबवत नव्हता, मोकळी सोडत होता.

आणि आज त्याची लेक मनकर्णा माहेरी यायची होती. पोटात सहावा महिना, बन्सीधरच्या मागं बसून, त्याच उतारावरून.

लिंबाजीनं सायकल काढली आणि जीव खाऊन हाणली. ओढ्याशी पोचतो तर समोरच्या उतारावरून मोटारसायकल खाली येत होती. तो घसा फाटेस्तोवर ओरडला, "जावईबापू, पायाचा! पायाचा ब्रेक दाबा!"

गाडी सावकाश येऊन त्याच्यापुढं थांबली. बन्सीधरचा पाय ब्रेकवरच होता.

"पायाचाच दाबतो, मामा. डाव्यानं थांबत न्हाई, हे पहिल्याच हप्त्यात कळलं."

"मग सांगितलं का न्हाई?"

बन्सीधरनं मान खाली घातली. "सासऱ्याला कसं म्हणावं, तुमचं चुकलंय म्हणून?"

लिंबाजीला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि पायही धरावेसे वाटले. भुजंगचा हात या अदबीपायी मोडला होता. मनकर्णा मात्र धडधाकट समोर उभी होती.

"बाबा, घरी चला," ती म्हणाली.

"तुमी व्हा पुढं," लिंबाजी म्हणाला. अजून पाच जण कुठं कुठं डावा ब्रेक दाबत फिरत होते. त्यानं सायकल वळवली.