दूधमातेचे दोन चमचे

शप्पथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझे उरलेसुरले दात आत्ताच्या आत्ता गळून पडोत!

लाँड्रीमागच्या खोलीत दूधमाता बसायची आणि बायकांची रांग पार रस्त्यावर यायची. ज्या त्या बाईच्या हातात झाकलेली वाटी, वाटीत स्वतःचं दूध. दूधमाता ते चमच्याने पिवळ्या सिद्धजलात ढवळायची. पाणी पिवळंच राहिलं तर दूध अमृत, लाल झालं तर विष. "मी नाही गं, दूध बोलतं," म्हणत ती डोळे असे गरगरा फिरवायची, की बुबुळं परत जागेवर येतात का नाही याचीच रांगेला धास्ती.

लाँड्रीतल्या धुणेवालीचं दूध लालभडक निघालं. तिला फिट यायच्या, म्हणून रोज गोळी चालू. सासूने त्याच पावली बाळ आतल्या खोलीत नेलं आणि डब्याचं दूध सुरू केलं. नवरा परगावी कामाला; फोनवर म्हणाला, आई म्हणते तसं कर. शेजारणी दारातूनच माघारी वळायच्या. भिंतीपलीकडे बाळ रडायचं आणि इकडे हिचा पदर भिजायचा. शेवटी तिने ठरवलं, गोळीच बंद करायची.

तेवढ्यात जाऊ आली. रडून बाळ परत मिळत नाही म्हणाली, आणि हात धरून तिला दवाखान्यात घेऊन गेली.

"गोळी सोडलीस आणि बाळ कडेवर असताना फिट आली तर?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मग गोळी कुठली, किती, बाळ केवढं, दिवस भरून झालं का, नीट ओढतं का, फार सुस्त असतं का, सगळं विचारलं. बाळाच्या कार्डावरची वजनं पाहिली, औषधांचं पुस्तक उघडलं. औषधाचा अंश दुधात उतरतो, पण उतरला म्हणजे विष झालं असं नाही. ही गोळी, एवढ्या मापात, या बाळाला चालेल, म्हणाल्या. काही औषधं खरंच चालत नाहीत, म्हणून दर वेळी विचारायचं. बाळ पेंगुळलं, प्यायचं कमी झालं, की लगेच यायचं.

"पण पाणी लाल झालं ना, बाई."

"त्याआधी ती काही विचारते?"

"औषध घेतेस का, एवढंच."

"मग दूध कुठे बोललं? तूच बोललीस."

दुसऱ्या दिवशी ती जावेबरोबर पुन्हा रांगेत. औषध? घेते. दूधमातेने चमचा फिरवला, पाणी लाल.

"विष!"

"हे डब्याचं आहे, माताजी. सासूबाई माझ्या बाळाला हेच पाजतात."

धुणेवालीने तोच चमचा उचलून ताज्या सिद्धजलात नुसताच बुडवला. दूध नाही, काही नाही, तरी लाल. दूधमातेच्या शेजारी ठेवलेला दुसरा चमचा बुडवला, पिवळंच. सिद्धजल म्हणजे हळदीचं पाणी, आणि पहिल्या चमच्यावर वाळवलेला धुण्याचा सोडा. हळदीच्या डागाला साबण लागला की डाग लाल होतो, हे ती रोज बघायची. भीतीपोटी तेवढंच आधी सुचलं नव्हतं.

दूधमाता म्हणाली, चमच्याला दृष्ट लागली. मग चमचे घेऊन जी गेली, ती गेलीच.

संध्याकाळी सासूने बाळ तिच्या मांडीवर ठेवलं.

तेव्हा बायांनो, औषध चालतं का हे वाटीला विचारू नका, डॉक्टरला विचारा. आणि मनानेच गोळी सोडू नका.

आता खोटं एवढंच, की तिला जाऊ नव्हती. दवाखान्यात ती एकटीच गेली, रांगेतही एकटीच उभी राहिली. मलाच ते सांगवेना, म्हणून दिली एक जाऊ सोबतीला.