कोपऱ्यावरची पांढरी रेघ

गाडी चालवायला शिकवणाऱ्या माणसाच्या पायाखाली एक जास्तीचा ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की शेजारी बसलेल्याने तो दाबायचा. ड्रायव्हिंग स्कूलच्या मॅडमनी तो इतकी वर्षं दाबला होता, की घरात कुणाचा पेला कलंडला तरी त्यांचा पाय आपोआप जमिनीवर आपटायचा. पंखे दुरुस्त करणारा त्यांचा नवरा म्हणायचा, "थांबली गं फरशी, थांबली!"

घरात ठिणगी आणि शेपूट आल्यापासून त्या पायाला उसंत नव्हती. ठिणगी सहा वर्षांची. शेपूट तिचा तीन वर्षांचा भाऊ. ती जाईल तिथे फ्रॉकचं टोक धरून मागे. ही नावं सासूबाईंनी ठेवली होती आणि पोरांनी ती चालवून घेतली होती. दोघांना दत्तक घ्यायचं ठरलं होतं. पण त्याआधी काही महिने नुसतं सांभाळायचं, दत्तकाच्या ऑफिसच्या बाई अधूनमधून येऊन बघणार, सगळं जमलं तर मग कोर्टाचा हुकूम.

सगळं जमत होतं, एक सोडून. ठिणगी पळून जायची.

कुणी रागावलं म्हणून नाही, काही हवं ते मिळालं नाही म्हणूनही नाही. फाटक उघडायचं, भावाची कॉलर धरायची आणि चालू पडायचं. पहिल्यांदा गेली तेव्हा मॅडम अनवाणी धावल्या होत्या. मोठ्या रस्त्याच्या अलीकडे, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापाशी दोघं सापडली. ठिणगी पुन्हा पुन्हा मागे वळून बघत होती.

ते वळून बघणं मॅडमनी ओळखलं. काही नवशिके गाडी सुरू केली की लगेच वेग घेत नाहीत. जरा पुढे जातात आणि ब्रेक दाबून बघतात. लागला? बरं. परत लागेल? मागचे हॉर्न वाजवून जीव खातात, पण मॅडम अशा शिकाऊला कधी हटकत नसत. घेऊ दे खात्री, मग तो कुठेही गाडी नेईल.

म्हणून त्या ओरडल्या नाहीत. शिकाऊंना वळणं काढून दाखवायला कुडत्याच्या खिशात खडू असायचा, त्याने फुटपाथवर एक रेघ ओढली.

"पळायचं तर इथपर्यंत. हिच्यापुढे पाऊल नाही टाकायचं. इथे उभं राहायचं, मी येते."

"कधी?"

"लगेच."

पुढे नवऱ्याने ती रेघ रंगाने पक्की करून टाकली. औषधवाला हसला, "काय, विमानतळ करताय की काय?"

एकदाच 'लगेच' जमलं नाही. मॅडम एका शिकाऊसोबत गर्दीत अडकल्या. सासूबाई गुडघे सांभाळत कोपऱ्यावर पोचल्या, पण ठिणगी त्यांच्याबरोबर हलेना. मॅडम आल्या तेव्हा तिने त्यांचं मनगट धरलं आणि कडकडून चावली.

तिच्या दातांचे व्रण अजून पुरते गेले नव्हते आणि ऑफिसच्या बाई समोर बसल्या होत्या. पोरं अंगणात चेंडू खेळत होती.

"ताई, धाकट्याचे कागद मी पुढे पाठवते," बाई म्हणाल्या. "मुलीला मात्र परत संस्थेत ठेवावं लागेल. पळते, चावते. निदान फाटकाला कुलूप लावा, म्हणजे मला काही बोलता येईल."

"लाव गं कुलूप," सासूबाई कळवळून म्हणाल्या. "कुलूप महाग की पोरगी?"

"पोरगीच, आई. म्हणूनच नाही लावणार."

"ऐका हिचं!" सासूबाई बाईंना म्हणाल्या.

"कुलूप लावलं तर ती पळणार नाही, हे कबूल. पण मी मागून येते की नाही, हे तिला कळणार कसं? बंद फाटकाआड सगळीच पोरं शहाणी दिसतात. आणि चावली ती मला उशीर झाला म्हणून. चूक माझी होती."

बाई काही दुष्ट नव्हत्या. त्यांनी अशी बरीच घरं पाहिली होती आणि त्यातली काही मोडतानाही पाहिली होती. "आणि एखाद्या दिवशी तिने रेघ ओलांडली तर? पलीकडे मोठा रस्ता आहे, ताई. मी घाबरू नको?"

मॅडमचा पाय फरशीवर दाबला गेला. "मीही घाबरते," त्या म्हणाल्या. "पण तोडून देणार नाही. दोघं आली, दोघं राहतील. एकट्या धाकट्यासाठी मी सही करणार नाही."

तेवढ्यात फाटक वाजलं.

बाई धडपडत उठल्या. मॅडमनी पायात चपला सरकवल्या आणि दोघी झपाझप निघाल्या. कोपऱ्यावर ठिणगी उभी होती, अनवाणी पायांची बोटं रेघेच्या अलीकडे काटेकोर टेकवून. शेपटाच्या हातात चेंडू होता. तो निसटला, टप्पा घेत रस्त्यावर गेला आणि शेपूट त्याच्यामागे झेपावला.

मॅडमचा पाय फुटपाथवर आपटला. पण त्याआधीच ठिणगीने ब्रेक दाबला होता. कॉलर धरून तिने भावाला असं मागे ओढलं, की तो धपकन तिच्या पायाशी बसला. "रेघ दिसत नाही का रे, आंधळ्या?"

समोरून एक टेम्पो धाडधाड गेला. बाईंनी तोंडावर हात ठेवला.

मॅडम खाली बसल्या. "आले."

"मी ऐकलं सगळं," ठिणगी त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "याला ठेवणार. मला नेणार."

"मी नेऊ देणार नाही."

"आणि नेलंच तर?"

'नाहीच नेणार' असं खोटं बोलणं सोपं होतं. मॅडमनी ते टाळलं. "तर मागून येईन. तिथल्या दारात बसून राहीन. तू बाहेर येईपर्यंत."

"कधी येशील?"

"लगेच."

ठिणगीने हा शब्द तोंडातल्या तोंडात घोळवला आणि नाक पुसलं.

बाईंनी दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडला, चेंडू आणला आणि शेपटाच्या हातात दिला. "कुलपाचं राहू द्या," त्या मॅडमना म्हणाल्या. "दोघांचे कागद एकत्रच पाठवते. पण वरचे साहेब मला धारेवर धरतील."

"साहेबांना इथे घेऊन या. रेघ दाखवते."

"तुम्ही फार हट्टी आहात, ताई."

"आहेच."

सगळी परत निघाली. शेपटाने फ्रॉकचं टोक धरलं. ठिणगीने कुणाचाच हात धरला नाही. ती सगळ्यांच्या पुढे, मान ताठ. फाटकापाशी सासूबाई डोळे पुसत उभ्या होत्या. तिथे पोचल्यावर ती वळली.

"उद्या पण पळणार आहे मी."

"पळ की," मॅडम म्हणाल्या. "पण चपला घालून पळ."