उन्मेषचा बडग्या

मिनलने पोराला वचन दिलं होतं, आणि पोरगा इतका भोळा की त्याने ते खरं मानलं.

"काही झालं तरी मले फोन कर, मी रागावणार नाही," असं ती उन्मेषला तो कॉलेजात गेल्यापासून सांगत होती. पोळ्याच्या आदल्या दुपारी त्याचा फोन आला. मित्राच्या घरी बिअर घेतली होती. "आई, डोकं गरगर करून राहिलं. गाडी चालवाची हिंमत नाही होत. घ्याले ये ना." ती ऑटोने गेली, त्याला आणलं, लिंबूपाणी पाजलं, खरंच रागावली नाही. त्याच्या केसांतून हात फिरवताना तिला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

"बाबाले सांगू नको," तो म्हणाला.

"नाही सांगत."

पण तिच्या तोंडात तीळ कधी भिजला होता! संध्याकाळी नवरा हिंगण्याच्या कंपनीतून आला आणि चहा उकळायच्या आत तिने सगळं सांगून टाकलं. जितेंद्र ओरडला नाही. दर शनिवारी मित्रांसोबत 'बसणारा' हा माणूस दुसऱ्याच्या दारूबद्दल भारी सोवळा होता.

"त्याचा चौकडीचा शर्ट दे," तो म्हणाला.

"काहून?"

"बडग्या बनवतो त्याचा."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, बाईच्या रूपातला मोठा पुतळा. वर्षभराची इडापिडा, रोगराई तिच्यासोबत गावाबाहेर घालवायची. बरोबर बडगे असतात, महागाईचे, भ्रष्टाचाराचे, ज्याचा राग त्याचे पुतळे. बेसा भागातल्या त्यांच्या कॉलनीतली पोरंही एखादा छोटा बडग्या काढून मोकळ्या प्लॉटवर जाळत. पोटच्या पोराचा बडग्या मात्र तिथे आजवर कोणी काढला नव्हता.

मिनलने शर्ट दिला. जरा लाज वाटली की पोरगा सुधारेल, अशी तिने मनाची समजूत घातली. सैल झालेलं बटणही सवयीने शिवून दिलं.

भाताच्या तणसाने फुगवलेला बडग्या मारबतीच्या दिवशी निघाला. हाताला रिकामी बाटली बांधलेली, गळ्यात पाटी, 'उन्मेष बेवडा'. लहान पोरं जीव खाऊन ओरडत होती, "दारुड्याले घेऊन जा गे मारबत!" शेजारच्या शोभाताई मोबाइलवर शूटिंग करता करता हसत होत्या. जितेंद्रने उन्मेषला दंडाला धरून सगळ्यांपुढे उभं केलं होतं. पोराने आईकडे पाहिलं. नेमकी त्याच वेळी ती बायांबरोबर ओरडत होती. गप्प राहिलं तर लोक काय म्हणतील, या भीतीने ओरडत होती, पण ओरडत होती.

"काडी तूच लाव," जितेंद्र म्हणाला. "लाज वाटते? पेताना नाही वाटली?"

उन्मेषने काडी लावली. शर्ट भुर्रकन पेटला. मग त्याने सगळ्यांना हात जोडले. "चुकलो. आता नाही करणार."

"पाहा, सुधरला ना?" जितेंद्र म्हणाला, आणि त्याने पोरांना चॉकलेटं वाटली.

गणपती आले, गेले. उन्मेष अगदी शहाण्यासारखा वागत होता. विचारलं तेवढंच बोले, ताट धुवून ठेवी. जितेंद्र येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्याला आपला उपाय रंगवून सांगे. मिनलही मान डोलवी.

दसऱ्याच्या दुपारी दारात गाडी आदळल्याचा आवाज आला. मिनल धावली. उन्मेषच्या कोपरातून रक्त गळत होतं, पँट गुडघ्यावर फाटली होती आणि तोंडाला दारूचा भपकारा येत होता. वर्धा रोडवरून, ट्रकांच्या गर्दीतून, तो एकटा गाडी चालवत आला होता.

"मेला असता ना बाबू! फोन काहून नाही केला?"

"कोणाले?" उन्मेषने विचारलं.

तो रागावलेला नव्हता. त्याला खरंच कोणी आठवत नव्हतं. तो तिच्या शेजारून आत गेला आणि त्याने खोलीची कडी लावून घेतली.